स्वप्नातले स्पीकर बसून ऐकता येतील अशी एक तरी जागा करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात गाड्यांचं पान असतं, मोबाईलचं असतं, नवीन गाडी आली की टेस्ट ड्राइव्ह कुठं मिळेल तेही छापून येतं. पण ज्यांना गाणं ऐकायचं वेड आहे आणि ज्यांनी आयुष्यभर काही ठराविक स्पीकरची नावं नुसती वाचलीत, फोटो बघितलेत, त्यांनी ते प्रत्यक्ष ऐकायचे कुठं याबद्दल कुणीच काही लिहीत नाही, म्हणून हे पत्र. पत्र मोठं झालंय याची कल्पना आहे, कापावंच लागलं तर किमतीबिमती कापा पण ऐकायच्या जागेबद्दल जे लिहिलंय ते ठेवा प्लीज.

आपल्याकडे स्पीकर म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर पहिली येते ती गणपतीतली डॉल्बीची भिंत, नाहीतर टीव्हीखाली ठेवलेला साउंडबार. मी ज्या स्पीकरबद्दल लिहितेय त्यांचा मोठ्या आवाजाशी फारसा संबंध नाही, त्यातले काही तर मोठा आवाज लावला की बिघडतात. हे स्पीकर बनवणाऱ्यांनी एकच गोष्ट डोक्यात ठेवून अख्खं आयुष्य घालवलंय की समोर माणूस गातोय असं वाटलं पाहिजे आणि मधे मशीन आहे हे विसरायला झालं पाहिजे. जगभरात असे पाचपंचवीस स्पीकर आहेत ज्यांची नावं घेतली की शौकीन माणसं एकदम हळवी होतात, आणि त्यातल्या बहुतेकांनी ते कधी ऐकलेलेच नसतात!

सगळ्यात आधी क्वाड. इंग्लंडमध्ये हंटिंग्डन म्हणून गाव आहे, तिथल्या पीटर वॉकर यांच्या कंपनीने क्वाड या नावाने १९५७ मध्ये इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बाजारात आणला, आता सगळे त्याला ईएसएल ५७ म्हणतात. आपल्या नेहमीच्या स्पीकरमध्ये कागदाचा नाहीतर प्लास्टिकचा कोन असतो, मागे कॉइल आणि मॅग्नेट, आणि तो कोन पुढेमागे हलून हवा ढकलतो, पण कोन कितीही हलका केला तरी त्याला वजन असतंच, त्यामुळे तो हलायला आणि मुख्य म्हणजे थांबायला किंचित उशीर करतो, शिवाय लाकडी खोक्याचा स्वतःचा आवाज मिसळतो तो वेगळाच. वॉकर यांनी कोन काढून टाकला आणि खोकंही काढून टाकलं. भोकं असलेल्या दोन प्लेटांच्या मधे केसाहून कितीतरी पातळ फिल्म ताणून बसवली, फिल्मवर हजारो व्होल्टचा चार्ज ठेवला आणि गाण्याचा सिग्नल बाहेरच्या प्लेटांना दिला, की फिल्म एका बाजूने ओढली जाते आणि दुसऱ्या बाजूने ढकलली जाते, आणि अख्खा पृष्ठभाग एकदम हलतो. फिल्म इतकी हलकी की तिला हलवायला जवळजवळ काही लागतच नाही, सिग्नल थांबला की ती पण थांबते. साठसत्तर वर्षांपूर्वीचं हे डिझाइन आहे, जवळजवळ तीन दशकं ते बनत होतं आणि आजही जुन्या जोड्यांची पॅनेल, म्हणजे फिल्म आणि प्लेटा मिळून होतो तो पडदा, दुरुस्त करून लोक ते जिवापाड सांभाळतात.

मी हा स्पीकर ऐकलाय. पुण्यात कॅम्पात एका पारशी गृहस्थांकडे, ओळखीतून ओळख काढून. दिसायला अगदी जुन्या विलायती हीटरसारखा, तांबूस रंगाची किंचित बाक असलेली जाळी, खाली लाकडाचे बुटके पाय. त्यांनी मला एका ठरलेल्या खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की डोकं फार हलवू नकोस, कारण या स्पीकरचा वरचा आवाज सरळ रेषेत येतो, जरा बाजूला सरकलं की चमक जाते. मग किशोरीताईंची एलपी लावली. मी लहानपणापासून तानपुऱ्यावर बसलेय, त्यामुळे माझं लक्ष आधी तिकडेच जातं, आणि घरच्या म्युझिक सिस्टिमवर तानपुरा म्हणजे मागे चाललेली एक धूसर झूं असते, एवढंच. इथे पंचमाची तार कधी छेडली, जोडीच्या दोन तारांमध्ये किती कमी अंतर ठेवलंय, मग खर्ज, आणि खर्ज छेडल्यावर त्याच्यातून हळूहळू वर येणारा तो स्वयंभू गंधार, जो ऐकायला गुरुजी आम्हाला डोळे मिटायला लावायचे, तो त्या रेकॉर्डमध्ये होता! इतकी वर्षं मी ती रेकॉर्ड ऐकत होते आणि तो तिथेच होता. जवारीचा तो बारीक खरखरीतपणा, तार घोडीला घासून उठतो तो, तोसुद्धा. ताईंनी आलापाच्या आधी श्वास घेतला तेव्हा तो श्वास नेमका किती उंचीवर आहे ते कळत होतं, म्हणजे बाई खाली बसून गातायत हे कळत होतं.

तबला सुरू झाल्यावर मात्र मर्यादा कळली, डग्गा हवा तसा घुमला नाही, कारण उघड्या पॅनेलला खालचे सूर पेलत नाहीत, पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींना मारतात. आणि आवाज वाढवू का विचारल्यावर त्या गृहस्थांनी सरळ नाही म्हटलं, जास्त व्होल्टेज गेलं की फिल्म आणि प्लेटच्या मधे ठिणगी पडते आणि पॅनेल जळतं. पावसाळ्यात ते स्पीकरच्या खोलीत डीह्युमिडिफायर चालवतात, कारण दमट हवेत आणि धुळीत चार्ज गळायला लागतो आणि पॅनेल चरचर करायला लागतं. मुंबईत आणि कोकणात हे स्पीकर ठेवणं म्हणजे किती जिकिरीचं असेल बघा.

वॉकर यांनी पुढे १९८१ मध्ये ईएसएल ६३ आणला, त्यात पॅनेलच्या आत गोल गोल कड्या आहेत आणि मधल्या कडीपासून बाहेरच्या कडीपर्यंत सिग्नल थोडा थोडा उशिरा पोचवलाय, त्यामुळे सपाट पॅनेल असूनही आवाज पॅनेलच्या थोडा मागच्या एका बिंदूतून येतोय असं वाटतं, पाण्यात खडा टाकल्यावर लाटा पसरतात ना तसा. हा मी ऐकलेला नाही. माझ्या यादीत पहिला आहे.

आणि एक गोष्ट पुण्याच्याच लोकांना माहीत नसते म्हणून मुद्दाम लिहिते, पुण्यातल्या कॅडन्स कंपनीने असेच इलेक्ट्रोस्टॅटिक पॅनेल आणि खाली खालच्या सुरांसाठी साधा कोनवाला वूफर असे स्पीकर बनवले आणि परदेशात विकले. म्हणजे डग्ग्याचा जो प्रश्न मी वर लिहिला त्यावरचा एक उपाय आपल्या गावात बसून लोकांनी शोधला होता आणि आपण अभिमानाने ऐकायला कधी गेलोच नाही, कारण जायचं कुठं हेच माहीत नव्हतं. कोचीतली रेथम कंपनी एकाच ड्रायव्हरमधून (ड्रायव्हर म्हणजे स्पीकरमधला हवा हलवून आवाज काढणारा भाग) जवळजवळ सगळा आवाज काढायचा ध्यास घेऊन बसलेली आहे, कोलकात्यात सोनोडाइन १९७० पासून आहे. आपल्या देशात हे काम झालंय हो, ऐकणाऱ्यांपर्यंत ते पोचत नाही एवढंच.

दुसरा क्लिप्शहॉर्न. अमेरिकेत आर्कान्सा राज्यात होप नावाचं छोटं गाव, तिथं पॉल क्लिप्श यांनी १९४६ मध्ये कंपनी सुरू केली आणि हा स्पीकर थोड्याफार सुधारणा करत आजपर्यंत बनतोय. हा अगदी उलट्या टोकाचा आहे. कर्ण्यातून बोललं की आवाज लांब जातो हे आपल्याला ठाऊक आहे, पण खालच्या सुरांसाठी कर्णा करायचा तर तो खोलीएवढा लागतो, म्हणून क्लिप्श यांनी कर्णा लाकडाच्या पेटीत घड्या घालून बसवला आणि पेटी खोलीच्या कोपऱ्यात ठेवायला लावली, म्हणजे कोपऱ्याच्या दोन भिंती आणि जमीन हाच कर्ण्याचा पुढचा भाग. खोलीच स्पीकर झाली! याचा फायदा असा की साधारण स्पीकर एका वॉटमध्ये एका मीटरवर ८७ डेसिबलच्या (आवाज मोजायचं माप) आसपास आवाज देतो आणि क्लिप्शहॉर्नची कंपनी १०५ सांगते, आता दर तीन डेसिबलला पॉवर दुप्पट लागते हे धरून हिशेब केला तर साध्या स्पीकरला जिथं साठ पासष्ट वॉट लागतील तिथं याला एक वॉट पुरतो. त्यामुळे ड्रायव्हरला कष्टच पडत नाहीत, पखवाजाची थाप असो की ब्रास बँड, दबलेपणा म्हणून नाही असं ऐकलेले लोक सांगतात. पण आपल्या फ्लॅटमध्ये दोन मोकळे कोपरे दाखवा मला. एका कोपऱ्यात दरवाजा, दुसऱ्यात बाल्कनीची सरकती काच, आणि तो स्पीकर एकेक शंभर किलोच्या आसपास. म्हणजे पैसे असले तरी आपल्यातल्या निम्म्या लोकांच्या घरात हा स्पीकर वाजूच शकत नाही, त्यांनी तो दुसरीकडेच कुठंतरी ऐकायला हवा.

तिसरा बोवर्स अँड विल्किन्सचा नॉटिलस, १९९३ चा. फोटो बघितला असेल बऱ्याच जणांनी, गोगलगायीच्या शंखासारखा गुंडाळलेला, वर तीन लांब निमुळत्या नळ्या. लोकांना वाटतं हा दिखाऊपणा आहे, तसं अजिबात नाही. कुठल्याही ड्रायव्हरचा जेवढा आवाज पुढे जातो तेवढाच मागे पण जातो आणि तो मागचा आवाज खोक्यात आपटून परत पुढे येतो, हीच सगळी घाण असते. लॉरेन्स डिकी या इंजिनिअरने प्रत्येक ड्रायव्हरच्या मागे निमुळती होत जाणारी नळी लावली, मागचा आवाज त्यात शिरतो आणि जाता जाता मरतो, परत येत नाही. वूफरची नळी फारच लांब व्हायला लागली म्हणून ती गुंडाळली, त्यातून तो शंख झाला. प्रत्येक बाजूला चार ड्रायव्हर आणि प्रत्येक ड्रायव्हरला स्वतंत्र अँप्लिफायर, म्हणजे जोडीला आठ चॅनेल लागतात, आणि तेवढा संसार नीट मांडून, खोली बिली व्यवस्थित करून ऐकवणारी ठिकाणं जगातच हातावर मोजण्याइतकी. डिकी यांनी पुढे इतरांबरोबर विव्हिड ऑडिओ कंपनी काढली, ती दक्षिण आफ्रिकेत डर्बनच्या बाजूला स्पीकर बनवते आणि तीच निमुळत्या नळीची कल्पना तिथं पुढे नेली.

मग ते अगदी महागडे. अमेरिकेतल्या युटामधल्या विल्सन ऑडिओचा वॅम मास्टर क्रोनोसॉनिक, डेव्ह विल्सन यांचं शेवटचं मोठं काम, ते २०१८ मध्ये गेले. जोडीची किंमत ६,८५,००० डॉलर ठेवली होती, आपल्याकडे पाच कोटींच्या वर, त्यावर ड्युटी वेगळी, आणि जगात फक्त ७० जोड्या करायच्या ठरल्या होत्या. उंची साधारण सात फूट. यातला प्रत्येक ड्रायव्हर थोडा पुढेमागे सरकवता येतो, म्हणजे तुम्ही ज्या खुर्चीत बसणार तिथं सगळ्या ड्रायव्हरचा आवाज एकाच क्षणी पोचला पाहिजे म्हणून. कुणाला वाटेल हा वेडेपणा आहे, मला नाही वाटत, पण एवढं खरं की ७० घरांच्या बाहेरच्या माणसाला तो ऐकायला मिळणं म्हणजे नशीबच.

पण स्वप्नातला स्पीकर म्हणजे कोट्यवधींचाच असतो हे डोक्यातून काढून टाका. बीबीसीने सत्तरच्या दशकात आउटसाइड ब्रॉडकास्टच्या, म्हणजे स्टुडिओबाहेरच्या प्रसारणाच्या गाड्यांमध्ये बसून आवाज तपासण्यासाठी एक छोटा मॉनिटर, म्हणजे आवाज तपासायचा स्पीकर, तयार केला, एलएस थ्री फाइव्ह ए. फूटभर उंचीची लाकडी पेटी, आत केईएफ कंपनीचे दोन ड्रायव्हर, आणि तो बनवायचं लायसन्स रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ अशा कंपन्यांना दिलं. याला खालचा बास जवळजवळ नाहीच, मोठ्या हॉलमध्ये कामाचा नाही, पण माणसाचा आवाज! निवेदकाचा आवाज खरा वाटतो की नाही हे तपासायलाच बनवलेला असल्यामुळे गाणाऱ्याचा गळा, शब्दांचे उच्चार, नाट्यसंगीतातली ती फेक, यासाठी मला तरी याच्यासारखं काही माहीत नाही. माझ्या मते मराठी माणसाच्या दहा बाय बाराच्या खोलीला आणि आपल्या ऐकण्याला हाच सगळ्यात जवळचा.

आता मुद्द्यावर येते. ही सगळी माहिती आता फोनवर मिळते, व्हिडिओ मिळतात, लोक नॉटिलस समोर माइक लावून रेकॉर्ड करून टाकतात आणि खाली शेकडो लोक लिहितात वा काय क्लॅरिटी आहे. अहो तो आवाज तुमच्या फोनच्या स्पीकरचा नाहीतर तुमच्या इअरफोनचा आहे, मधे माइक आलाय, मग फाइल लहान करायला केलेलं कॉम्प्रेशन आलंय, त्या खोलीचा घुमारा आलाय, नॉटिलसचं त्यात उरतंय काय? स्पीकर हवा हलवतो आणि ती हवा आपल्या अंगाला लागते, दोन स्पीकरच्या मधे रिकाम्या जागेत गायक उभा राहतो, हे दोन कान आणि एक डोकं तिथं नेऊन ठेवल्याशिवाय होतच नाही. यंत्रांमध्ये ही एक गोष्ट अशी आहे जिच्याबद्दल वाचून काही कळत नाही, आणि नेमकी तीच आपल्याला वाचावी लागते.

बरं दुकानात जावं म्हटलं तर तिथली तऱ्हा. मी एका मोठ्या शोरूममध्ये गेले होते, नाव लिहीत नाही, दारातच विचारलं अपॉइंटमेंट आहे का, मग बजेट किती, मग साहेब बरोबर नाहीत का. साहेब कशाला हवेत, कान माझे आहेत. शेवटी बसवलं तर लावलं काय, तेच ते संथ इंग्रजी गाणं, बाईचा कुजबुजता आवाज आणि एक डबल बास, जगातल्या सगळ्या शोरूममध्ये असलंच काहीतरी लावतात. कारण त्यावर कुठलाही महाग स्पीकर चांगलाच वाटतो. मी माझी सीडी नेली होती, ती लावू का विचारलं तर म्हणे यावर नको, हे इंडियन क्लासिकलसाठी नाही. लाखो रुपयांचा स्पीकर आणि तो एका देशाच्या गाण्यासाठी आहे आणि दुसऱ्या देशाच्या नाही, हे ऐकून मला खरंच वाईट वाटलं. त्या मुलाचा दोष नाही, त्याला कुणी तानपुरा समोर बसून ऐकवलेलाच नसणार. आणि दुकानदाराचीही बाजू मी समजते, रोज पन्नास लोक नुसते ऐकून गेले तर त्याने दुकान कसं चालवायचं. म्हणूनच ही जागा दुकान नसावी असं माझं म्हणणं आहे.

बाहेर काय करतात बघा. जर्मनीत म्युनिकला कित्येक वर्षं हाय एंड नावाचं प्रदर्शन भरत होतं, २०२६ पासून ते व्हिएन्नाला न्यायचं ठरलं. तिथं तिकीट काढून कुणीही आत जाऊ शकतो, आणि कोरियाचे लोक तिथं १९२०-३० च्या काळातले वेस्टर्न इलेक्ट्रिक या अमेरिकन कंपनीचे सिनेमा थिएटरमधले प्रचंड कर्णे आणून वाजवायचे, लोक रांगा लावून बसायचे. त्याच कोरियात सोलमध्ये २०२४ साली ऑडियम नावाचं खास ऑडिओचं म्युझियम उघडलं, केंगो कुमा या प्रसिद्ध जपानी वास्तुविशारदाने इमारत केली. तिथं हे स्पीकर काचेमागे ठेवून देत नाहीत, लोकांना वाजवून ऐकवतात. प्रदर्शनात गर्दी असते, शेजारच्या खोलीतला आवाज येतो, दहा मिनिटांत उठावं लागतं हे सगळं खरं, पण दारं उघडी असतात.

पण माझ्या मनात बसलेत ते जपानचे कॉफी हाउस. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथं बाहेरच्या एलपी इतक्या महाग होत्या की साध्या माणसाला घेणं शक्यच नव्हतं, चांगली सिस्टिम तर दूरच, मग लोकांनी छोटी कॉफीची दुकानं काढली, मालक रेकॉर्ड आणि स्पीकर आणणार, तुम्ही एक कप कॉफी घ्यायची आणि तासन् तास बसून ऐकायचं. काही जॅझची, काही क्लासिकलची. टोकियोत शिबुया भागात लायन म्हणून आहे ते तर लढाईच्याही आधीचं, १९२६ चं, लढाईत इमारत गेली मग १९५० मध्ये परत बांधली. आत सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला, समोरच्या भिंतीत बसवलेल्या अवाढव्य लाकडी स्पीकरकडे तोंड करून, आणि बोलायला मनाई. कॉलेजातली मुलं, ऑफिस सुटलेले लोक, एकटी माणसं, सगळे गप्प बसून ऐकतात. इचिनोसेकी नावाच्या लहान शहरात बेसी म्हणून जॅझची जागा १९७० मध्ये सुरू झाली, तिथले जेबीएलचे स्पीकर ऐकायला लांबलांबून लोक जायचे, म्हणजे गाव छोटं असणं ही अडचण होत नाही हे लक्षात घ्या.

आपल्याकडे असं काही नव्हतंच असंही नाही. मुंबईत काळा घोड्याला रिदम हाउस होतं, तिथं केबिनमध्ये उभं राहून रेकॉर्ड ऐकून मग घ्यायची सोय होती, २०१६ मध्ये ते बंद झालं. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था १९९० पासून जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांना एकत्र आणतेय, त्यांचे ऐकण्याचे कार्यक्रम होतात. आणि वाचनाच्या बाबतीत तर आपण हे केव्हाच करून दाखवलंय, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. तेव्हा पुस्तकं महाग होती, एकेकट्याला परवडत नव्हती, म्हणून चार लोकांनी पैसे काढून एक खोली केली आणि तिथं कुणीही येऊन वाचावं असं ठरवलं. चांगल्या स्पीकरची गोष्ट आज तंतोतंत तीच आहे. मग ग्रंथालयात ऐकण्याची एक खोली का नसावी? आपल्याकडे १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे, सरकार ग्रंथालयांना अनुदान देतं, त्यात अशा खोलीसाठी काही तरतूद करता येते का हे निदान कुणीतरी बसून बघावं.

खर्च कोटींचा नाही. सुरुवातीला बीबीसीवाल्या त्या छोट्या मॉनिटरच्या जातीची एक चांगली जोडी, एक बरा अँप्लिफायर, एक टर्नटेबल आणि एक सीडी प्लेअर, बास. खरं काम खोलीचं आहे. आपल्या खोल्यांना गुळगुळीत टाइल्स, उघड्या भिंती आणि काचा, टाळी वाजवली की टणटण आवाज परत येतो, तिथं पाच कोटींचा स्पीकर पण कर्कशच वाजणार. खाली जाड सतरंजी, खिडक्यांना जड पडदे, मागच्या भिंतीला पुस्तकांनी भरलेली कपाटं (ग्रंथालयात त्यांना काय तोटा!), स्पीकर भिंतीपासून दोनतीन फूट पुढे काढलेले, आणि दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर तेवढ्याच अंतरावर ऐकणाऱ्याची खुर्ची. एवढं केलं तरी निम्मी लढाई जिंकली. दर शनिवारी दोन तास, वीस खुर्च्या, फोन बाहेर ठेवायचा, लावणाऱ्याने आधी दोन मिनिटं सांगायचं की आज काय ऐकणार आणि कशावर, मग गप्प बसायचं. वर्षातून एकदोनदा कुणा शौकिनाने आपले क्वाड किंवा आणखी काही भारी असेल ते आणून लावावं, विक्रेत्यांनी पण आणावं, पण विकायचं बोलणं खोलीच्या बाहेर.

मला माहितेय काही वाचक म्हणतील हे श्रीमंतांचे चोचले आहेत, लोकांना पाणी नाही आणि यांना स्पीकर हवेत. श्रीमंताला माझ्या या खोलीची गरजच नाही, त्याच्या घरी खोली आहे. गरज आहे ती संगीत शिकणाऱ्या मुलांना, जी आज गुरूंच्या गुरूंचं गाणं पंधराशे रुपयांच्या इअरफोनवर ऐकून त्याची नक्कल करतायत आणि त्यांना वाटतंय की अमुक बुवांचा आवाज पातळ होता. आवाज पातळ नव्हता, त्यांच्या कानातलं यंत्र पातळ आहे. मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांपासून एलपीपर्यंत आपल्या मोठ्या गायकांचं इतकं काम रेकॉर्ड होऊन पडलंय, ते जपायला संस्था झगडतायत, स्कॅन करतायत, डिजिटल करतायत, सगळं ठीक आहे, पण ते नीट ऐकवायची जागा शहरात नसेल तर जपलेलं कोण ऐकणार आणि कशावर? गरज माझ्या वयाच्या लोकांना पण आहे, वय वाढलं की कानाला वरचे सूर कमी कमी ऐकू येतात हे डॉक्टर सांगतातच, त्यामुळे आमच्यासाठी हे पुढच्या पिढीवर ढकलून चालणार नाही.

म्हणून माझ्या मागण्या अशा, त्या स्पष्ट लिहिते. मोठ्या ग्रंथालयांच्या आणि संगीत संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी एखादी वापरात नसलेली खोली असेल तर यासाठी द्यावी, कुठल्याही जुन्या संस्थेत मोडक्या खुर्च्या भरून ठेवलेली एक खोली असतेच. विक्रेत्यांनी महिन्यातून एक दिवस बजेट न विचारता दार उघडं ठेवावं आणि लोकांना स्वतःची रेकॉर्ड लावू द्यावी, अभंग लावा, ठुमरी लावा, सनई लावा. ज्यांच्या घरी जुने क्वाड, एलएस थ्री फाइव्ह ए, मोठे हॉर्न असं काही आहे आणि चार अनोळखी माणसांना ऐकवायची तयारी आहे अशांनी पुढे यावं, कॅम्पातल्या त्या गृहस्थांनी मला घरात घेतलं नसतं तर हे पत्र लिहिलंच गेलं नसतं. आणि तुम्ही पेपरवाल्यांनी 'आजचे कार्यक्रम' मध्ये व्याख्यान, कीर्तन, प्रदर्शन छापता तशी एक ओळ याला पण द्यावी, कुठं काय ऐकायला मिळणार आहे आणि कुठल्या स्पीकरवर. खुर्च्या लावायला, सतरंजी अंथरायला आणि रेकॉर्ड पुसायला मी येईन, पत्ता तुमच्या ऑफिसात दिलेला आहे, कुणी विचारलं तर त्यांना जरूर कळवा.

आपली,
एक वाचक, कोथरूड, पुणे